निगेटिव्ह म्हणजे नक्की काय?

सोलापूरच्या बाहेर बार्शीचं नाव काढलं की लोकांना आठवते ती नॅरोगेजची बार्शी लाइट रेल्वे. थोडे भाविक असतील तर भगवंताचं मंदिर, आणि शेतीतले असतील तर ज्वारीचा बाजार. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट माहीत असते. ते तिला 'उस्मानाबाद ट्रायल' म्हणतात. उस्मानाबाद म्हणजे आत्ताचं धाराशिव. पण या ट्रायलचं घर होतं सीमेच्या अलीकडे, आमच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये. विषाणूचा डीएनए शोधणारी टेस्ट बायकांचे जीव खरंच वाचवते का, याचा मृत्यू मोजून दिलेला पहिला भक्कम पुरावा इथून आला.

सोलापूरचा असूनही ही गोष्ट कधी कुणाच्या तोंडून ऐकली नाही. म्हणून या शनिवार-रविवारी लिहून काढतोय. विषय बायकांच्या आजाराचा आहे म्हणून पुरुष मंडळींनी पान बंद करू नये. घरी आई, बहीण, बायको कुणीतरी असतंच की!

आधी थोडी पूर्वपीठिका. गर्भाशयमुख म्हणजे आपल्याकडे बायका ज्याला 'पिशवीचं तोंड' म्हणतात तो भाग. इथला कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी तिथल्या पेशी बिघडायला लागतात. या बिघाडाला कॅन्सरपूर्व बदल म्हणतात. तो पुढे कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात, आणि पुष्कळदा तो आपोआप बराही होतो. म्हणजे निसर्गाने इतकी लांबलचक डेडलाइन दिलेला कॅन्सर विरळाच. त्या काळात बिघाड सापडला तर तेवढा भाग गोठवून किंवा विजेच्या तारेने कापून काढता येतो, आणि बाई घरी जाते. पण या सगळ्या काळात काही दुखत-खुपत नाही. अंगावरून रक्त जायला लागतं तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

मग तो बिघाड शोधायचा कसा? पहिलं उत्तर दिलं जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक-अमेरिकन डॉक्टरने. पेशी खरवडून काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. हीच ती पॅप टेस्ट. १९४० च्या दशकात ती मान्य झाली आणि जिथे जिथे नीट राबवली तिथे तिथे या कॅन्सरचे मृत्यू झपाट्याने उतरले. पण ती चालते माणसाच्या डोळ्यावर. काचा वाचणारा तंत्रज्ञ तयार करायला वेळ लागतो, तो दमतो, चुकतो. म्हणून टेस्ट पुन्हा पुन्हा, दर काही वर्षांनी करायची. एकदा सुटलं तर पुढच्या वेळी सापडेल हा त्यामागचा हिशोब. शहरात ठीक आहे. परांड्याच्या एखाद्या वाडीवर राहणारी, दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणारी बाई दर तीन वर्षांनी कशाला येतेय?

दुसरं उत्तर स्वस्तातलं. व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिटिक ॲसिड, तीन ते पाच टक्क्यांचं. ते गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि नुसत्या डोळ्यांनी बघायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. हिला 'व्हीआयए' म्हणतात. प्रयोगशाळा नको, रिपोर्टची वाट बघणं नको, नर्ससुद्धा करू शकते. पण पांढरं दिसतं ते सगळंच वाईट नसतं, आणि वाईट असतं ते सगळंच पांढरं दिसत नाही.

तिसरं उत्तर यायला जर्मनीतल्या हॅराल्ड झुर हाउझेन या शास्त्रज्ञाची वाट बघावी लागली. हा कॅन्सर ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे होतो असं ते १९७० च्या दशकापासून सांगत होते आणि फारसं कुणी ऐकत नव्हतं. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने कॅन्सरच्या पेशींतून एचपीव्ही-१६ शोधला, पुढच्या वर्षी एचपीव्ही-१८. जगभरच्या या कॅन्सरपैकी सुमारे सत्तर टक्के या दोघांच्या नावावर आहेत. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याआधी १९९९ मध्ये जगभरातले नमुने पुन्हा तपासून एक आकडा आला होता: ९९.७ टक्के कॅन्सरमध्ये हा विषाणू सापडतो. म्हणजे जवळजवळ सगळ्याच. मग पेशी कशा दिसतात हे बघत बसण्यापेक्षा सरळ विषाणूच शोधला तर?

त्यासाठीची टेस्ट तयार होती. डायजीन या अमेरिकन कंपनीची 'हायब्रिड कॅप्चर टू'. कल्पना झकास आहे. डीएनए म्हणजे पीळ घातलेली शिडी. ती रसायनाने उभी चिरायची. सुट्या झालेल्या बाजूला जुळणारी आरएनएची पट्टी सोडायची. विषाणू असेल तर पट्टी चिकटते आणि डीएनए-आरएनएची मिश्र जोडी तयार होते. त्या जोडीलाच पकडणाऱ्या अँटिबॉडी खळग्याच्या तळाशी लावून ठेवलेल्या असतात. मग प्रकाश देणारं रसायन घालायचं आणि मशीनने उजेड मोजायचा. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त उजेड, तर पॉझिटिव्ह. कॅन्सरशी संबंधित १३ प्रकारचे विषाणू एकदम तपासले जातात, पण त्यातला नेमका कोणता हे ती सांगत नाही. पीसीआर आपल्याला कोविडमुळे तोंडपाठ झालाय. तो डीएनएच्याच प्रती काढत जातो. ही टेस्ट डीएनए तेवढाच ठेवते आणि त्याचा 'आवाज' मोठा करते. माणसाच्या डोळ्याचा मात्र कुठे संबंध नाही.

तर अशी तीन उत्तरं. यातलं भारतातल्या खेड्यात कोणतं चालेल? यावर मतं सगळ्यांना होती. आकडे कुणाकडेच नव्हते.

आता बार्शी. ट्रायलसाठी बार्शीच का, याचं उत्तर बारा वर्षं मागे आहे. १९८७ मध्ये इथे भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबादमधले परांडा आणि भूम अशा तीन तालुक्यांतली ३४६ गावं. रजिस्ट्री म्हणजे काय, तर या भागात कुणाला कॅन्सर झाला, कोणत्या अवस्थेत सापडला, तो माणूस पुढे जगला की गेला, याची नोंद. शहरात अशी नोंद हॉस्पिटलांच्या कागदांवरून होते. खेड्यात कागदच नसतो. म्हणून इथली माणसं गावोगाव फिरायची, लोकांशी बोलायची, कुणाला गाठ आहे का, कुणाच्या अंगावरून जातंय का हे विचारायची आणि तपासणीला यायला राजी करायची.

यातून एक अनपेक्षित गोष्ट झाली. कोणतीही टेस्ट न करता, नुसत्या या बोलण्यानेच, बायका लवकरच्या अवस्थेत हॉस्पिटलला यायला लागल्या. १९९५ मध्ये डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीच्या डॉ. भगवान नेने यांच्या गटाने हे छापून दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीमला लॉगिंग लावलं आणि लॉगिंगनेच सिस्टीम थोडी सुधारली! गंमत सोडा, पण लॉगशिवाय पुढचं काहीच शक्य नव्हतं. कोण मेलं हे ज्या गावात कुणी लिहूनच ठेवत नाही, तिथे मृत्यू कमी झाले हे सिद्ध कसं करणार?

ऑक्टोबर १९९९ मध्ये ट्रायल सुरू झाली. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियोंची आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था. पैसे गेट्स फाउंडेशनचे. प्रमुख संशोधक डॉ. शंकरनारायणन. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे ते चार भागांत वाटले, प्रत्येकी १३. वय ३० ते ५९ च्या १,३१,७४६ बायका. एका भागात डीएनए टेस्ट (३४,१२६ बायका), दुसऱ्यात पॅप (३२,०५८), तिसऱ्यात व्हीआयए (३४,०७४). आणि चौथ्यात (३१,४८८) काहीच नाही, जे चालू आहे तेच. चौथा भाग लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

तपासणी आयुष्यात एकदाच. जवळपास ऐंशी टक्के बायका आल्या. ज्या विषयावर नवऱ्याशीसुद्धा बोलायची सोय नाही त्यासाठी खेड्यातल्या दहापैकी आठ बायका आल्या, हे त्या गावोगाव फिरलेल्या नर्सबाई आणि आरोग्य सेविकांचं श्रेय. ट्रायलच्या कुठल्याही आकड्याइतकाच मला हा आकडा मोठा वाटतो.

२००५ मध्ये पहिले निकाल छापून आले. पॉझिटिव्ह निघालेल्या बायका: व्हीआयए १४ टक्के, डीएनए १०.३ टक्के, पॅप ७ टक्के. आणि त्यांच्यात खरोखर गंभीर कॅन्सरपूर्व बदल किती सापडले? व्हीआयए ०.७ टक्के, डीएनए ०.९ टक्के, पॅप १.० टक्के.

बघितलंत? साधारण सारखंच. पॅप तर एक केसभर पुढेच. डीएनए टेस्ट सगळ्यात महाग, आणि पदरात पडतंय तेवढंच. तेव्हाच्या पेपरचा सूरही तसाच होता की जास्त खर्च करूनही डीएनए टेस्टने पॅपइतकंच शोधलं. कुठल्याही मीटिंगमध्ये ही स्लाइड लावली असती तर मॅनेजरने डीएनए टेस्टचं बजेट तिथल्या तिथे कापलं असतं. आणि मी त्या मीटिंगमध्ये असतो तर मान डोलावली असती.

पण बार्शीवाले मोजत राहिले. रजिस्ट्री चालूच होती. आठ वर्षांचा पाठपुरावा झाला आणि एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दुसरा पेपर आला. यावेळी भर सापडलेल्या बदलांवर नव्हता. मोजले होते मृत्यू.

चौथ्या भागात, जिथे काहीच केलं नव्हतं, या कॅन्सरने ६४ बायका गेल्या. व्हीआयएच्या भागात ५६. पॅपच्या भागात ५४. डीएनए टेस्टच्या भागात ३४.

भागांची लोकसंख्या थोडी कमी-जास्त आहे, म्हणून दर बघू. वर्षाला दर लाख बायकांमागे मृत्यू चौथ्या भागात २५.८, डीएनएच्या भागात १२.७. जवळपास निम्मे. तेही ज्या बायका टेस्टला आल्याच नाहीत त्यांना धरून. पुढच्या अवस्थेत पोचलेले कॅन्सर चौथ्या भागात ८२, डीएनएच्या भागात ३९. पॅप आणि व्हीआयएमधला फरक मात्र नुसत्या योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता.

मग २००५ च्या स्लाइडचं काय? आकडे खोटे नव्हते. प्रश्न वेगळा होता. आपल्याकडे टेस्टिंग टीमने किती बग काढले यावर टीमचं कौतुक होतं. पण युजरला त्याच्याशी काय देणंघेणं? त्याला फक्त एवढंच कळतं की रिलीजनंतर ॲप्लिकेशन पडलं की नाही. काढलेल्या शंभर बगमध्ये नव्वद बटणाच्या रंगाचे असू शकतात. इथेही तसंच. 'गंभीर बदल' म्हणून मोजलेले सगळेच काही कॅन्सर होणारे नसतात. प्रत्येक टेस्टने साधारण सारखी संख्या पकडली, पण कोणते पकडले आणि कोणते सुटले यात फरक होता.

याचा पुरावा त्याच पेपरमध्ये आहे, आणि मला तो मृत्यूच्या आकड्यांहूनही बोलका वाटतो. ज्या बायकांना 'तुम्ही ठीक आहात' म्हणून घरी पाठवलं, त्यांच्यापैकी पुढे किती जणींना कॅन्सर झाला? वर्षाला दर लाखामागे पॅप निगेटिव्ह बायकांत १५.५, व्हीआयए निगेटिव्ह बायकांत १६.०, डीएनए निगेटिव्ह बायकांत ३.७.

थोडक्यात काय, पॅपचं निगेटिव्ह म्हणजे 'आज घेतलेल्या पेशींत, आज बघणाऱ्याला, काही वाईट दिसलं नाही'. डीएनएचं निगेटिव्ह म्हणजे 'ज्याच्याशिवाय हा कॅन्सर जवळजवळ होतच नाही ते कारणच इथे नाही'. पहिलं वाक्य आजचं आहे, दुसरं पुढच्या कितीतरी वर्षांचं. जी बाई आयुष्यात एकदाच टेबलावर येणार आहे तिला दुसरं वाक्य हवं. स्क्रीनिंग टेस्टची किंमत तिने कुणाला पकडलं यावर जेवढी ठरते, त्याहून जास्त ती कुणाला घरी पाठवते यावर ठरते. कारण घरी गेलेली बाई निश्चिंत होते आणि परत येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. डीएनए पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, हे दहादा सांगायला हवं. त्या १०.३ टक्क्यांतल्या बहुतेकींना काहीच झालेलं नव्हतं. हा विषाणू सर्दीसारखा सर्रास असतो आणि बहुतेक जणींचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत घालवून टाकतं. म्हणून तर ही टेस्ट साधारण तिशीनंतर करतात. त्याआधी केली तर उगाच घाबरवणारे पॉझिटिव्ह जास्त निघतात.

आता चौथा भाग. ३१,४८८ बायका, ६४ मृत्यू. डीएनए टेस्टने मृत्यू निम्मे होतात हे वाक्य या ६४ जणींशिवाय लिहिता आलं नसतं. 'निम्मे' कशाच्या, तर यांच्या. अमेरिकेतले डॉक्टर एरिक सुबा यांनी भारतातल्या अशा ट्रायल्सवर कडक आक्षेप घेतला. २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये त्यांचा लेख आला. मुद्दा असा की पॅपने मृत्यू कमी होतात हे जगाला कित्येक दशकं माहीत होतं, मग हजारो बायकांना विनातपासणी ठेवून त्यांचे मृत्यू मोजणं योग्य कसं? संशोधकांच्या बाजूने उत्तर असं की भारतातल्या खेड्यात तपासणी अशी नव्हतीच, 'जे चालू आहे' म्हणजे शून्यच होतं. कोणती टेस्ट इथे चालते हे कळल्याशिवाय सरकार पैसे कशावर टाकणार?

दोन्ही बाजू वाचल्यावर माझं मत असं झालं: ट्रायल नसती तरी त्या गावांत तपासणी झालीच नसती, हे खरं. पण ते त्या बायकांचं नशीब नव्हतं, कुणीतरी न घेतलेला निर्णय होता. आणि ज्यांच्या मृत्यूंनी उत्तर मिळालं, त्यांचं एक देणं उरतं. ते फेडायचं म्हणजे त्या उत्तराप्रमाणे वागायचं.

वागलो का आपण? जग बरंचसं वागलं. २००९ च्या अंकातल्या संपादकीयाचं शीर्षकच 'भारताकडून जगाकडे' अशा अर्थाचं होतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पॅप आणि व्हीआयएऐवजी डीएनए टेस्ट ही पहिली पसंती म्हणून सांगितली: तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो. भारताने २०१६ मध्ये देशभरासाठी आराखडा केला तेव्हा निवडली व्हीआयए. त्यालाही आधार होता. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर केलेल्या ट्रायलमध्ये आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा व्हीआयए केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तमिळनाडूत दिंडीगुलला तर एकाच फेरीत ३५ टक्के. म्हणजे व्हीआयए टाकाऊ नाही. पण ती करणाऱ्या हातांवर आणि डोळ्यांवर फार अवलंबून आहे. एका जिल्ह्यात चालते, दुसऱ्यात नाही. आणि मुळात करतंय कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. १९९९ मध्ये बार्शीच्या नर्सबाईंनी दहापैकी आठ आणल्या होत्या.

टेस्ट महाग आहे ही सबबही हळूहळू ढिली पडतेय. बार्शीत वापरलेल्या टेस्टचीच साधी बहीण 'केअर एचपीव्ही' खास खेड्यांसाठी बनवली गेली. चीनमधल्या शान्शी प्रांतात तिची परीक्षा झाली, निकाल २००८ मध्ये आला. खरोखर बिघाड असलेल्या शंभर बायकांपैकी तिने ९० पकडल्या, जुन्या महागड्या टेस्टने ९७, आणि व्हीआयएने ४१. आपल्या गोव्याच्या मोलबायो कंपनीने टीबीसाठी गाजलेल्या ट्रूनॅट मशीनवर एचपीव्हीची चिप आणली. चहाच्या ट्रेएवढ्या जागेत मावणारं, बॅटरीवर चालणारं मशीन! पण इथेही तोच प्रश्न विचारायचा. या चिपच्या पहिल्या आवृत्तीत चारच प्रकारचे विषाणू बघितले जात होते, नंतरच्या 'प्लस'मध्ये आठ. या आठांच्या नावावर सुमारे नव्वद टक्के कॅन्सर जातात. प्रकार कमी केले की टेस्ट स्वस्त होते आणि उगाचचे पॉझिटिव्हही घटतात, पण निगेटिव्हमध्ये तेवढी फट राहते. कुठवर फट चालेल हा तडजोडीचा प्रश्न आहे, आणि तो ब्रोशर वाचून सुटत नाही. बार्शीसारखं बसून मोजावं लागतं.

असो. लेख लांबला. जाता जाता एवढंच, की आपल्या कंपन्यांच्या वार्षिक हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये बायकांसाठी पॅप असते, डीएनए टेस्ट असेलच असं नाही. एचआरला एक ईमेल टाकून विचारा. घरात तिशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्याशी बोला, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा की यांना कोणती टेस्ट, किती वर्षांनी. रिपोर्ट हातात आला की 'निगेटिव्ह आहे ना, मग झालं' म्हणून फाइल बंद करू नका. कशाचं निगेटिव्ह, आणि किती वर्षांसाठी, हे विचारा. धाराशिवच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांमुळे या प्रश्नाला आज आकड्यात उत्तर आहे.